महादेवरावांची पाटी

नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ महादेवराव पाटलांनी धर्मशाळा बांधली, ती फक्त आपलं नाव मागं राहावं म्हणून. वाटसरूंची फिकीर त्यांना कधीच नव्हती. पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी बजावलं, "माहं नाव चालत्या आगगाडीतून दिसलं पाहिजे. बारीक अक्षरं बारीक लोकायची!"

"मालक, एवढ्या मोठ्या अक्षरांत 'राव' वरच्या ओळीत मावत नाही."

"मंग उतरव खाली. इचारतं कायले बे?"

वरच्या ओळीत हातभर अक्षरांत 'महादेव' आलं. 'राव पाटील यांनी बांधली' एवढं खाली, उरल्या जागेत दाटीनं बसलं. डोळा मोठं अक्षर आधी उचलतो आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतो, हे पाटलांना कोण सांगणार?

पाटी लागली त्याच दिवशी मेहकरकडचा एक म्हातारा गाडीसाठी आला. त्यानं वहाणा बाहेर काढल्या आणि पाटीकडं पाहून हात जोडले. महादेवरावांची छाती फुगली. ते जवळ जाऊन म्हणाले, "कोणाले हात जोडता, बुवा?"



"महादेवाले! देवाची धर्मशाळा हाये म्हणून आत चाललो. कोन्या पाटलाची असती, तर आपल्याले उभं तरी राहू देल्लं असतं काय, भाऊ?"