जाड जाकीट

"चालायचंय की बसायचंय?" मकसूदभाईंनी विचारलं.

स्वारगेटजवळच्या त्यांच्या दुकानात ट्रेकिंगचं सामान मिळतं आणि हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. चालणाऱ्याला पातळ फ्लीसचं जाकीट, कारण चालताना अंग आपोआप तापतं. एका जागी बसणाऱ्याला जाड. उलटं झालं तर घाम येतो, तो अंगावर गार पडतो आणि माणूस आजारी पडून दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो.

"चालायचंय की!" दत्तोबा आरशासमोरून म्हणाले. "केदारनाथला जायचं हाय. वैशाखात दार उघडलं की निघायचं."

त्यांचा मुलगा साईनाथ एका जाकिटाची किमतीची चिठ्ठी उलटून बघत होता. सहा वर्षं तो 'पुढच्या वर्षी नक्की नेतो' म्हणत होता. आज सकाळी तो नुसतं म्हणाला, "आबा, चला, तुम्हाला गरम जाकीट घेऊ." म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. निघण्याआधी त्यांनी शेजारच्या दोन घरांत सांगूनही टाकलं.

मकसूदभाईंनी पातळ जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं. छान बसलं.

"जाड दाखवा," साईनाथ म्हणाला.

"अहो, चढावर उकडून निघतील."

"जाडच. आत वारा शिरता कामा नये."

"साहेब, पंचवीस वर्षं हेच विकतोय. आपण किती डोंगर चढलात?" मकसूदभाई म्हणाले. "आणि वैशाख चार महिने लांब आहे. मार्चमध्ये या, तेव्हा पातळ जाकिटांचा नवा माल येईल."

"मला आजच पाहिजे."

"आजच कशाला?"

साईनाथने एकदा आरशाकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकला. "मुलीची दहावी आहे हो. आबा रात्रभर खोकतात, तिला झोप नाही की अभ्यास नाही. परीक्षा होईपर्यंत त्यांचं अंथरूण गॅलरीत टाकतोय."

तो हळूच बोलला, पण दुकान दहा बाय बाराचं. साईनाथ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर जाकीट घ्यायला आलाच नसता, आणि म्हणूनच त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मकसूदभाईंनी उगाच हँगर सरळ केले.

आरशासमोर दत्तोबांनी पातळ जाकीट काढलं, घडी घालून काउंटरवर ठेवलं. जाड जाकीट स्वतःच उचललं, अंगात घातलं आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली.

"कानटोपी बी द्या एक," ते मकसूदभाईंना म्हणाले. "गॅलरी उत्तरेला हाय."