रविवारचा पेपर

“शारिक, खरं सांग, परीक्षेच्या भीतीनं तू चोरून रडतोस का?”

पुनमनं हे भर मधल्या सुट्टीत, नळाजवळ, अख्ख्या दहावीसमोर विचारलं. खांबाआड मनतशा आणि सिंधु तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. गेल्या वर्षापर्यंत जिला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटायचा, ती नववीतली पुनम हे विचारूच शकणार नाही, म्हणून दोघींनी एकेक समोसा लावला होता.

शारिकला पाणी पितापिता ठसका लागला. “मी? अगं, नववीत दोनदा बसलोय मी. मला बघून पेपरच रडतो!”

पोरं खिदळली. पुनमनं समोसे जिंकले, पण तिचं तोंड उतरलं. शारिक नाही, तर मग कोण?

निलंग्यातल्या त्या शाळेत दहावीची सराव परीक्षा सुरू होती. हेडमास्तरीण गुरम्मा मॅडमनी स्टाफरूमबाहेर एक पेटी टांगली होती. ‘परीक्षेची भीती वाटते? शाळेतल्या कुणीही लिहावं. नाव नको.’ उत्तरं लिहायचं काम, स्वतःची भीती मोडलेली म्हणून, पुनमकडं. मॅडम ती वाचायच्या, मग व्यंकटमामा शिपाई फळ्यावर लावायचे. उत्तराखाली फक्त ‘तुझी ताई’. नियम एकच होता: चिठ्ठी कुणाची, हे शोधायचं नाही.

बहुतेक चिठ्ठ्या गमतीच्याच असायच्या. आई मोबाईल लपवते. भूमिती रद्द होईल का? एक चिठ्ठी मात्र वेगळी आली. डाव्या हातानं काढल्यासारखं वाकडंतिकडं अक्षर.

‘गणित समोर आलं की हात गार पडतात. माझ्याहून लहान असलेले पटापट सोडवतात. सगळा दिवस वर्गात जातो. अभ्यास कधी करू?’

पुनमनं ठसक्यात लिहिलं, ‘पहाटे कर. रोज दहाच गणितं. चुकलं तर चुकलं, आभाळ कोसळत नाही.’

चार दिवसांनी तेच अक्षर. ‘ताई, आज दहातली चार बरोबर आली.’

पुनम अंगणभर नाचली. आईनं विचारलं, तर म्हणाली, “काही न्हाई, माझं एक पोरगं सुधारून राहिलंय!”

पण तिसऱ्या चिठ्ठीनं तिची झोपच उडवली. ‘नापास झालो तर या शाळेत राहता येणार नाही. वर्गातल्या पोरांना कळलं तर त्यांना तोंड कसं दाखवू?’

‘लहान असलेले’ म्हणतोय, म्हणजे हा एखादं वर्ष मागं राहिलेला. मैत्रिणींनी हिशेब मांडला आणि बोट शारिककडं वळलं. ते तर नळाजवळच फुसकं निघालं.

त्या संध्याकाळी जेवताना पुनमनं पप्पांना गाठलं. पप्पा, म्हणजे वैजनाथ सर, त्याच शाळेत पाचवीचे वर्गशिक्षक. मराठी आणि इतिहास शिकवायचे. पोरं त्यांना मागून ‘तोफ’ म्हणायची.

“पप्पा, परीक्षेला भिणारं पोर कसं वळखायचं?”

“ते लई बोलत न्हाई,” पप्पा म्हणाले. “वरण वाढ.”

“तुमच्या वर्गात हाय का असं कुणी?”

“पुने, गप जेव की,” आई मधेच म्हणाली. “पहाटेपासून पेपर तपासून राहिलेत ते. डोकं नको खाऊ त्यांचं.”

शुक्रवारी पुन्हा तेच अक्षर आलं. ‘रविवारी पेपर आहे. खूप विचार केला. मी जाणार नाही. ताई, तू फार केलंस.’

एवढं पहाटे उठून, एवढं रेटून, आता हा बसणारच नाही? मग शाळा कायमची गेली की त्याची! पुनमनं वेळापत्रक काढलं. शनिवारी भूगोल. सोमवारी हिंदी. रविवारी काहीच नव्हतं.

ती धावत व्यंकटमामांकडं गेली. मामा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते.

“मामा, रविवारी कुणाचा पेपर हाय?”

“आपल्याकडं न्हाई. लातूरला हाय.”

“पण कुणाचा?”

“मॅडमनी शोधायचं न्हाई म्हणलंय ना?”

“मामा, ते पोरगं पेपरला जाणार न्हाई म्हणतंय! त्याची शाळा सुटंल!”

मामांचा हात दोरीवरच थांबला. “पोरगं?” त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. “मी नाव घेणार न्हाई. पर स्टाफरूमच्या दारामागं एक यादी लावलीया. आत कुणी न्हाई आता.”

यादीत पाच नावं होती. चौथ्या नावावर पुनमचं बोट थांबलं. तिनं ते परत वाचलं. बाहेर मनतशा ओरडत होती, “कळलं का गं? कोण हाय? सांग की!”

“न्हाई कळलं,” पुनम म्हणाली. मैत्रिणींशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

ती घरी आली तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती आणि पप्पा वर्तमानपत्रात तोंड खुपसून होते.

“रविवारी औशाला जाऊ म्हणून राहिलेत हे,” आई म्हणाली. “राजशेखर काकांकडं. लई दिवस झाले.”

“हाव,” पप्पा वर न बघता म्हणाले. “मोकळाच हाय मी रविवारी.”

पुनमनं दप्तर खाली ठेवलं.

“आई, औशाला आपण पुढच्या आठवड्यात जाऊ. मी ठरवलंय. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी पप्पांना लातूरला घेऊन जाणार हाय, आणि नोकरी टिकवायला द्यावा लागणारा त्यांचा शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर सुटेपर्यंत गेटवर उभी राहणार हाय.”