पदरातला गूळ

"कुणी साखर कालवली माझ्या भाकरीत?" जेवायला बसलेल्या पापडवाल्या बायकांवर सुगंधाबाई कडाडली.

तिच्या पदराच्या गाठीला कायम गुळाचा खडा असायचा. लाटता लाटता दिवसभर चघळायची. डॉक्टरांनी दम देऊनही सवय सुटेना, तेव्हा या बायकांनीच गूळ ताब्यात घेतला. रोज सकाळी त्याच तिच्या पदरात खडा बांधत, कालच्यापेक्षा जरासा लहान. आज पहिल्यांदाच गाठ रिकामी होती.

यमुनाक्काने तिच्या भाकरीचा तुकडा चावून पाहिला. "अगं, नुसती ज्वारी आहे. ती गोडच असते."

सुगंधाबाईने पुन्हा घास घेतला. डोळे मिटून कितीतरी वेळ चावत राहिली. मग उठली आणि उरलेली भाकरी, नातू झाल्यावर पेढे वाटावेत तशी, एकेकीच्या हातावर ठेवत गेली.