सात नंबरची टाकी

"बाबा, सात नंबर तापतेय हं," ती म्हणाली. बाबांनी जुन्या कंट्रोल पॅनेलवरची मूठ हलकेच डावीकडे वळवली. टाकी निवली.

निवणारच होती. पॅनेलच्या तारा वर्षापूर्वी तिनंच तोडल्या होत्या. दिवे तेवढे बाबांच्या समाधानासाठी चालू ठेवले होते. आता अकराही टाक्यांना तिनं आपापला छोटा इलेक्ट्रॉनिक मेंदू बसवून दिला होता. डोक्यावर साहेब नाही. शेजारच्या टाकीला विचारायचं आणि आपला व्हॉल्व्ह आपण उघडायचा. वर्षभर प्लांट एकदाही बंद पडला नाही, तर तिची नोकरी कायम होणार होती. आज शेवटचा दिवस.

बाबांनी तीस वर्षं ते पॅनेल डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. तारा तुटल्या त्याच आठवड्यात ते निवृत्त झाले आणि पुढच्या आठवड्यापासून विसरायला लागले. चष्मा फ्रिजमध्ये, किल्ल्या पिठाच्या डब्यात, पावलं कारखान्याच्या वाटेला. शेवटी तिनं मॅनेजरच्या हातापाया पडून त्यांना दुपारी इथे बसवायची परवानगी मिळवली. बंद पॅनेलशी खेळतात बिचारे, कुणाचं काय जातंय?

मग रविवारीसुद्धा त्यांनी दुपार चुकवली नाही. उन्हं सात नंबरच्या पत्र्यावर उतरायची, वाफ खिडकीपाशी तरंगायची, टाक्या एका सुरात गुणगुणायच्या. बाबांचे डोळे अर्धे मिटलेले. कधीकधी ती सांगायच्या आधीच त्यांचा हात सातकडे जायचा. सवय, दुसरं काय!

पाच वाजता मॅनेजर पत्र घेऊन आले. "अभिनंदन, मॅडम. आणि हे पॅनेलचं धूड आता भंगारात."

बाबांना काय सांगायचं?

"कायम केलं ना तुला?" बाबांनीच विचारलं. "सही आहे?"

"आहे, बाबा."

"मग जाऊ दे ते." खिशातून चष्मा काढून त्यांनी पत्र नीट वाचलं. "सातला सांग, आठचं ऐकल्यावर अर्धं मिनिट थांब. दोघी एकदम बोलतात गं."

किती गोड बरळतात, म्हणून तिला भरून आलं. ती हसली, डोळे पुसले.

दोघा कामगारांनी पॅनेल भिंतीपासून ओढलं. मागे तोडलेल्या तारांची जटा लोंबत होती. त्यांतली एकच जोडी पुन्हा जोडलेली, व्यवस्थित टेप गुंडाळलेली. त्या जोडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. अक्षर बाबांचं.

"सात नंबर. तोडू नये. पोरीला सांगू नये."

खाली तारीख होती, बाबांच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची.