जाळीखालचं पाणी

कोपरखैरण्यात भावाच्या घरी आईच्या खोलीत गटाराचा वास येत होता. "म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, ताई. वास येणारच," विश्वजित मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. आजच नागपूरहून आलेल्या सुचित्राला ते पटलं नाही. आईची चादर धुतलेली होती, अंगाला पावडरचा वास होता. खोलीला लागून असलेल्या बाथरूमचं दार उघडलं, तेव्हा मात्र तिला नाक दाबावं लागलं. तिने सोसायटीच्या प्लंबरला, हौसेरावांना, बोलावलं. त्यांनी जमिनीवरची जाळी उचलून आत टॉर्च मारला. "चोकअप नाय, ताई. इथं पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. ते पार सुकलंय. वापरत नाय वाटतं ही बाथरूम?" "वापरतात की. आईला रोज इथेच अंघोळ घालतात." "रोज?" हौसेराव हसले. "महिनाभर तरी इथं तांब्याभर पाणी पडलेलं नाय." सुचित्राने फोन उघडला. भावाचा मेसेज रोज सकाळी नऊला यायचा, 'आईची अंघोळ झाली.' आजचाही आला होता, ती वाटेत असताना. तिने स्क्रीन त्याच्यासमोर धरली. विश्वजितने आता मोबाइल खाली ठेवला. हौसेरावांनी नळ सोडला, बादली भरली आणि जाळीत ओतली. खळखळून पाणी गेलं. तो आवाज ऐकून आईने पलंगावरून मान वळवली. "विशू," ती हरखून म्हणाली, "आज घालतोयस का रे अंघोळ?"