भिंतीवरच्या चिठ्ठ्या

तपासणीच्या बाई वेळेवर आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. "तुमचं रोजचं चालू द्या. मी इथे नाहीच असं समजा," म्हणाल्या. तसं समजणं किती अवघड असतं ते विभागप्रमुखांच्या घामेजलेल्या कॉलरला विचारावं.

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारा हा विभाग 'अ‍ॅजाइल' पद्धतीनं काम करायला तयार आहे की नाही, एवढंच बाईंनी सांगायचं होतं. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, थोडं थोडं करत जायचं. रोज सकाळी उभ्या उभ्या बोलायचं, घोडं कुठे अडलंय ते लपवायचं नाही आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं, अशी ती पद्धत. बाई 'तयार' म्हणाल्या तर ही मंडळी एकत्र राहणार होती. 'नाही' म्हणाल्या तर एक इकडे, दोघी तिकडे, अशी त्यांची पांगापांग वरच्यांनी ठरवूनच ठेवली होती.

विभागप्रमुखांना तो विचारही सोसत नव्हता. ही पोरं त्यांनी एकेक करून जमवली होती, तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. पाठीमागे पोरं आपल्याला हेडमास्तर म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. म्हणून तर काल त्यांनी आजच्या बैठकीची चक्क तालीम घेतली होती. कोण कुठे उभं राहणार, कोण आधी बोलणार, सगळं.

सगळे भिंतीपुढे अर्धगोल करून उभे राहिले. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, एका चिठ्ठीवर एक काम. डावीकडे 'करायचंय', मध्ये 'चालू', उजवीकडे 'झालं'. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढे सरकवायची. एरवी पंख्याच्या वाऱ्यानं त्यातल्या निम्म्या जमिनीवर लोळत असायच्या. आज एकीचंही टोक हलत नव्हतं, आणि 'झालं'चा रकाना कसा भरगच्च दिसत होता.

"माझं कालचं झालं, आज पुढचं घेतोय. अडचण काही नाही," दाढीवाला प्रोग्रॅमर म्हणाला.

चष्मेवाल्या डिझायनरनं त्याचीच री ओढली. विभागप्रमुखांचे ओठ प्रत्येकाबरोबर किंचित हलत होते.

शेवटी चाचणी करणाऱ्या मुलीची पाळी आली. "माझंही झालं. अडचण..." एवढं म्हणून ती थांबली.

"काही नाही," विभागप्रमुखांनी तिचं वाक्य पुरं केलं.

"त्यांना बोलू द्या ना," बाई पहिल्यांदाच मध्ये पडल्या. "खरंच झालंय?"

मुलीनं विभागप्रमुखांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "नाही. पेशंटचं नाव दुरुस्त केलं की त्याचे जुने रिपोर्ट दिसेनासे होतात. चालूच आहे अजून."

"मग चिठ्ठी 'चालू'मध्ये लावा. त्यात काय एवढं?"

मुलगी पुढे झाली. तिनं चिठ्ठीचा कोपरा धरला, ओढला. चिठ्ठी निघेना. नख घातलं तशी ती टरकन फाटली. अर्धी 'झालं'मध्येच राहिली आणि उरलेलीबरोबर भिंतीच्या रंगाचा टवका निघून आला. दाढीवाल्यानं आपली चिठ्ठी ओढून पाहिली. तीही पक्की. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"मी डिंक लावला," विभागप्रमुख म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "काल सगळे गेल्यावर. सारख्या पडतात हो. आज तरी पडू नयेत म्हटलं." आता ही पोरं पांगणार, आणि तेही आपल्याच करणीमुळे. ते मुलीवरच जरा चिडले. "तुला कधी कळलं हे?"

"सकाळी आल्या आल्या, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात." ती हळूच म्हणाली, "तुम्ही खुशीत असलात की आम्ही कुणी काही बोलत नाही, सर. आणि नसलात तर मुळीच नाही."

विभागप्रमुखांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. ज्यांना आपण जपतो म्हणून इतकी वर्षं मिरवलो, ती पोरंच आपल्याला जपून वागत होती. हे त्यांना फार लागलं.

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली आणि त्या उठल्या. जाता जाता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "या चिठ्ठ्या निघायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास," असं म्हणायला विभागप्रमुखांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्याकडे कायम तयार असायचं. त्यांनी तोंड मिटलं. मग बाईंकडे पाठ करून ते पोरांकडे वळले.

"किती वेळ लागेल रे?"

हा प्रश्न खरा आहे की तालमीतला, ते क्षणभर कुणाला कळेना.

"ओलं फडकं मारलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत निघतील," दाढीवाला चाचरत म्हणाला.

"छे, सगळा रंग हातात येईल. आख्खा दिवस धरा," डिझायनर म्हणाली.

"पण काढायच्याच कशाला?" चाचणीवाली म्हणाली. "ती समोरची भिंत रिकामी आहे की. नव्या लिहू."

"तिकडे ऊन येतं!"

"येऊ दे ना, तुला काय होतंय?"

विभागप्रमुख मध्ये पडले नाहीत. त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

बाईंनी पर्स पुन्हा खाली ठेवली, खुर्ची जराशी पुढे ओढली आणि त्या बसल्या.