चावरा आवाज

"पुन्हा बोल," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

"किती वेळा तेच तेच? गॅसवर दूध आहे माझं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. पण माइक हातात होताच. समोरच्या वर्तमानपत्रातली बातमी तिने परत पहिल्यापासून वाचली. संप, शाळा, सरकार, सुट्टी.

जेवायच्या टेबलावर मिक्सर पसरला होता. गाणी रेकॉर्ड करायचा, जुन्या स्टुडिओतला, चौघांनी उचलायचा, एकेका माइकला बटणांची एकेक पट्टी अशा सोळा पट्ट्यांचा. घरात मिक्सर दुरुस्त होतोय असं कळल्यावर खालची शेजारीण आपला स्वयंपाकघरातला घेऊन आली होती. तोही त्याने करून दिला. हा मोठा मात्र गोदामाचं छत गळून पार भिजला होता, आत गंज, वर बुरशी. भंगाराच्या भावात तो घरात आला तेव्हापासून दोघं मांडीवर ताट घेऊन जेवत होती.

संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. आवाज पसंत पडला तर तो स्टुडिओवाला हा मिक्सर नेणार होता, आणि पुढचं सगळं दुरुस्तीचं काम यालाच देणार होता. दुकान बंद झाल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने रेकॉर्ड केलेलं लावलं. बायको हात पुसत आली आणि दारातच तिने कान झाकले.

"चावतोय."

"काय चावतोय?"

"आवाज. माझाच. प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतोय. मी अशी बोलते?"

"स्वच्छ आहे तो. तुला सवय नाही. आतले जुने कंडेन्सर मंद झाले होते, वरचा बारीक आवाज दाबत होते. सोळाही पट्ट्यांचे बदलले मी."

"मंद झालेत हे कुणी सांगितलं?"

"यांनी." त्याने कानावर बोट ठेवलं. मीटर लावून काम करणाऱ्यांना तो जन्मभर हसत आला होता. कान काय भाड्याने आणलेत, असं विचारायचा.

तिने वाद घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती कान चोळत उभी राहिली.

मग त्याने कपाटावरची मीटरची पेटी खाली घेतली, धूळ झटकली, वायर जोडली. पेटीतून शिटी सोडता यायची, खालपासून वरपर्यंत हव्या त्या सुरात.

"हात वर कर. शिटी बंद झाली की खाली."

तो बटण फिरवत गेला. शिटी चढत गेली, बारीक होत गेली, संपली. तिचा हात वरच होता. मीटरचा काटाही खाली आला नव्हता. त्याने बटण अजून थोडं फिरवलं.

"नीट ऐक."

"ऐकतेय की. आहे अजून."

त्याने वायर तपासली. मग उठून स्पीकरच्या जाळीला कान लावला.

"अहो, इतक्या जवळून नका ऐकू," ती म्हणाली. "कान फुटेल."

तो खुर्चीत बसला. खूप दमल्यासारखं वाटत होतं त्याला, आणि भीतीही. कानाच्या जोरावर घर चालवलेला माणूस.

"कधीपासून असेल?" त्याने विचारलं.

"दारावरची बेल वाजली की उठतं कोण?"

"तूच. मला वाटायचं, तुला माणसांची चाहूल लागते."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला आळस."

दोघांनाही थोडं हसू आलं, पण टिकलं नाही.

"फोन करा त्यांना. उद्या या म्हणावं."

"उद्या काय नवे कान येणार आहेत?"

काढलेला पार्ट फेकायचा नाही, ही त्याची जुनी खोड. डब्यात जुने कंडेन्सर सगळे शाबूत होते. पहिल्या पट्टीतला नवा काढून त्याने जुना परत सोल्डरने झाळला आणि बातमी लावली. बायकोच्या तोंडावर कुणीतरी गोधडी टाकलीय, असं त्याला ऐकू आलं. असं काम त्याने कुणाला कधी दिलं नसतं.

"कसा आहे?"

"आता बरोबर. आता मी बोलतेय असं वाटतं."

त्याने मान हलवली आणि दुसरी पट्टी उघडली. झाळायचं, लावायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं. तिच्या कपाळावर आठी नसली की पुढची. स्वतः ऐकणं त्याने सोडून दिलं. ऊन टेबलावरून उतरून भिंतीला गेलं. त्याची मान आखडली, तिचे पाय भरून आले. गोधडीखालचा एकेक आवाज तो तयार करत गेला.

शेवटची पट्टी राहिली तेव्हा त्याने झाळणी खाली ठेवली.

"एकदा माइकवर बोल. हिच्यात."

"ही तर चावरी आहे ना अजून? मग कशाला?"

"बोल जरा."

"तुम्हाला असला आवाज आवडलाच कसा, मला कळत नाही."

"तू अशीच बोलायचीस," तो म्हणाला. "लग्न झालं तेव्हा. सगळ्या पट्ट्या मी त्या आवाजावरच जुळवल्या होत्या."

तिने माइक उचलला. बातमी वाचावीशी वाटेना.

"काय बोलू? सहा वाजत आले. तुमचा शर्ट बदला. ते लोक येतील, टेबल आवरायचंय."

त्याने डोळे मिटले होते.

"अजून बोल," तो म्हणाला.

एक कान तळहाताने घट्ट दाबून ती बोलत राहिली.